मोजणी

विडी घरकुलात एप्रिलच्या दुपारी
पत्रा माणसासारखा कण्हतो.
आम्ही दाराच्या सावलीत सुपं मांडीवर घेऊन बसतो,
मी आणि समोरच्या ओळीतली नरसव्वा बोद्दुल.
ओल्या फडक्यात पानं, कात्री, तंबाखू, दोऱ्याचं रीळ,
आणि मध्ये तिचा पक्ष, माझा पक्ष.
तिच्या दारावरचा झेंडा तिच्या पोरानं लावलाय.
माझा मीच, स्टुलावर चढून.

मागच्या निवडणुकीनंतर दोन महिने बोललो नाही.
मी तिला विकली गेलेली म्हणाले होते.
ती तेलुगूत काहीतरी म्हणाली,
जे मला कळत नाही असं तिला वाटतं.
मग एका रात्री अडीचला कडी वाजली :
"नळ आलंय की गं, झोपलालीस काय?"
पाच दिवसांनी आलेलं पाणी.
घागरी भरता भरता भांडण पुन्हा सुरू झालं.
बरं झालं.

आता एक रीत पडलीय, कुणी ठरवली नाही.
तिचं म्हणणं आधी मी माझ्या तोंडानं सांगायचं,
ती "हां, हेच" म्हणाली तरच माझं उत्तर.
तीन-तीनदा चुकते मी.
ब्रँचमधल्या तपासनिसासारखी ती माझी वाक्यं छाटात टाकते :
"हे मी म्हणले नाही.
ही तुझ्या युनियनवाल्यानं सांगितलेली नरसव्वा."

परवा बंडलावरच्या चित्रावरून जुंपली.
मी म्हणाले, सडक्या घशाचं चित्र मोठं केलं,
माल उठेना झाला, आठवड्याला तीनच दिवस काम.
म्हणाली, "उठू नये."
"मग तू वळतेस काय?"
"विडी."
कात्री चालूच.
"यल्लय्या काय ओढत होता, तुला माहीत नाही?
मीच वळलेली. छाटातली. घरात फुकट."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.
उत्तर नाही म्हणून सगळं तिचंच खरं, असंही नाही.
तिच्या सरकारनं चित्र दिलं, दुसरं काम दिलं नाही.
तेही मी बोलले, थोड्या वेळानं, आवाज खाली घेऊन.
"हां," ती म्हणाली, "हे आहे."
मग कितीतरी वेळ नुसती पानं कापली.

रविवारी आमच्या सभेत मी उठले.
काम टिकवा म्हणतो आपण,
ओढणारा टिकत नाही, त्याचं काय?
सेक्रेटरी म्हणाला, बाई, हे कुणी शिकवलं?
मी नाव सांगितलं. दोन खुर्च्या कुरकुरल्या.
तिकडे नरसव्वानं पोराच्या साहेबापुढं चहा ठेवला
आणि विचारलं, चित्र छापलात, शिलाई मशीन कुठाय?
साहेब हसला म्हणे.
दुसऱ्यांदा विचारल्यावर हसला नाही.

कुणी पाहुणा चौकात भाषण ठोकून गेला,
हे विणकरांचं शहर, उभा धागा, आडवा धागा, तशी आपली एकी.
लोकांनी टाळ्या दिल्या.
नरसव्वाचा बाप मागावर होता.
ती म्हणाली, "धागा तुटला की मजुरी कापायचे,
ते नाही सांगितलं त्यानं."
यावर आम्ही दोघी एकदम हसलो,
आणि एकदम हसलो म्हणून जरा अवघडलो.

मत ती तिकडंच देणार. मी इकडं.
वाद रंगला की मोजणी चुकते,
म्हणून माझे कट्टे ती मोजते, तिचे मी.
आज महागाईवर मी चांगलीच पेटले होते,
आकडे तोंडपाठ, किलोचे, लिटरचे,
तिला मध्ये श्वास घेऊ देत नव्हते,
तेवढ्यात तिनं माझा एक कट्टा माझ्याकडं सरकवला.

"चोवीस."

पंचवीसच आहेत, मी म्हणाले. मी वळल्यात.
दोरा सोडला. सुपात पसरल्या.
एकेक बोटानं बाजूला केली.

चोवीस.

तिनं काही म्हटलं नाही.
स्वतःच्या सुपातली एक माझ्याकडं टाकली.
"हां, बोल आता," म्हणाली. "तेलाचा भाव कुठं आला होता?"